सापडलेली गंमत कुणाला सांगायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत काम करणाऱ्या 47 वर्षांच्या वाचक लिहितात: "रात्री सगळं आवरलं की तासभर मी इंटरनेटवर वाचत बसते. जुने मोबाईल, कॉम्प्युटर, सिनेमातले आवाज, जाहिराती, कार्टून यांच्यामागच्या गोष्टी मला फार आवडतात. काही छान सापडलं की राहवत नाही, घरच्या ग्रुपवर टाकते. ग्रुपवर चाळीसेक माणसं आहेत, पण कुणी हूं की चूं करत नाही. सुप्रभातच्या फुलांना मात्र वीस-वीस नमस्कार पडतात. धाकटी जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, 'ताई, तुम्हाला बरा वेळ मिळतो असल्या गोष्टींना.' सतरा वर्षांचा मुलगा म्हणतो, 'आई, हे सगळ्यांनी कधीच बघितलंय, नको ना टाकूस.' मागच्या महिन्यात मी लिहिलं की जगातली पहिली इमोजी 1999 साली जपानमध्ये तयार झाली. त्यावर पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्यानं, नणंदेच्या मुलानं, 'मामी, हे चूक आहे' म्हणून खाली लांबलचक लिहिलं. त्या दिवसापासून मी टाकणंच बंद केलंय. घरात कुणालाच यात रस नाही. सासरे तार ऑफिसातून रिटायर झालेले, त्यांच्याकडं साधा फोन. दीर तासगावकडं द्राक्षबाग बघतात. मिस्टरांना क्रिकेट सोडून काही नको. हा नाद सोडून द्यावा का?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. नाद सोडू नका. दिवसभर काउंटरवर बसून, घरचं सगळं करून उरलेला तो एक तास तुम्ही कमावलेला आहे. त्याचा हिशेब कुणाला द्यायची गरज नाही. आणि निव्वळ गंमत म्हणून केलेलं सगळं वाया जातं असंही नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर प्रयोगशाळेत 1991 मध्ये काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखून ठेवला. कारण एवढंच, की लांबून चालत यावं आणि भांडं रिकामं निघावं, हे टळावं. 1993 मध्ये ते चित्र इंटरनेटवर दिसायला लागलं आणि जगभरातले लोक त्या भांड्यात कॉफी आहे की नाही ते बघू लागले. वेबकॅमची सुरुवात म्हणून आज हेच सांगितलं जातं. 2001 मध्ये कॅमेरा बंद केल्यावर ते भांडं लिलावात 3,350 पौंडांना विकलं गेलं. तेव्हा जाऊबाईंचा टोमणा आपण बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते ग्रुपवरच्या शांततेबद्दल.

कुणी काही बोललं नाही म्हणजे कुणाला आवडलं नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. सुप्रभातला वीस नमस्कार का पडतात? "मी आहे, बरा आहे" एवढाच तो निरोप असतो, विशेषतः घरातल्या वयस्कर माणसांचा. हात जोडले की काम झालं. तुमच्या निरोपाचं तसं नाही. आधी लिंक उघडायची, बहुतेक वेळा इंग्रजीत वाचायचं, आणि मग चाळीस नातेवाइकांदेखत त्यावर काहीतरी बरं बोलायचं. एसटीत उभ्यानं मोबाईल बघणारा माणूस म्हणतो, रात्री निवांत वाचू. रात्रीपर्यंत त्यावर पन्नास निरोप चढलेले असतात. नंतर त्याला ते आठवतही नाही. यात तुमच्याबद्दलचं मत कुठं आलं?

त्यात फॉरवर्डची खूण. व्हॉट्सअ‍ॅपनं ही खूण जुलै 2018 मध्ये सुरू केली. त्याच महिन्यात, एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा भारतात घालायचं ठरलं. त्यामागचं कारण आपल्याला महाराष्ट्रात तरी विसरता येणार नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांना जमावानं मारून टाकलं. तेव्हापासून ती बाणाची खूण दिसली की बरीच माणसं न वाचताच पुढं सरकतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. तुमच्या इमोजींसारख्या गोष्टीही त्याच खुणेखाली जात असतील, तर त्या उघडल्याच गेल्या नसण्याची शक्यता मोठी आहे.

आता एक जरा अडचणीचं विचारते. त्या ग्रुपवर दुसऱ्यांनी टाकलेल्या गोष्टींचं तुम्ही काय करता? कुणी गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा चालतानाचा फोटो टाकला, कुणाच्या नातीनं किल्ला केला, कुणी शेवग्याच्या शेंगांची आमटी दाखवली, तिथं तुम्ही थांबता का? तुमच्या पत्रात सगळीकडं तुम्ही पाठवणाऱ्या आहात, घेणाऱ्या कुठंच दिसल्या नाहीत. पत्र छोटं होतं, राहून गेलं असेल. पण ज्याच्या फोटोखाली आपण दोन शब्द लिहितो, तो आपलंही उघडून बघतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

आणि तुमचं ते वाक्य, "घरात कुणालाच यात रस नाही." त्याच्या पाठोपाठ तुम्ही माणसांची यादी दिलीत. मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली आणि मला ते वाक्य पटेना.

तुमच्या दिरांचंच घ्या. तुम्ही बँकेत आहात, म्हणजे विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ तुम्ही वर्षानुवर्षं रोज सकाळी पाहिलं असणार. कित्येकांना ते कॉम्प्युटरवर रंगवलेलं चित्र वाटतं. तो खरा फोटो आहे. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकारानं जानेवारी 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात, रस्त्याकडेला गाडी थांबवून तो फिल्मवर काढला. पावसाळी हवा नुकतीच सरली होती. तो सगळा पट्टा द्राक्षबागांचा. मग त्या टेकडीवर वेली का नाहीत? कारण फिलोक्सेरा. माव्याच्या जातकुळीतली, वेलीच्या मुळांवर जगणारी बारीक कीड. तिथल्या बागांमध्ये जे खुंट, म्हणजे कलमाखालचा मुळांचा भाग, सर्रास वापरलं होतं, ते या किडीपुढं टिकलं नाही, आणि 1980-90 च्या दशकांत बागाच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. वेली गेलेल्या जागी गवत आलं, आणि तेच गवत पुढं जगभरच्या बँकांत, शाळांत, सायबर कॅफेत पोचलं. आता त्या टेकडीवर पुन्हा द्राक्षं आहेत.

हा मजकूर "विंडोजच्या वॉलपेपरची रंजक गोष्ट" म्हणून चाळीस जणांच्या ग्रुपवर पडला तर कुणी बघणार नाही. पण तासगावकडच्या बागायतदाराला एकट्याला हे कळलं तर? त्यांना असं लिहून बघा: "भाऊजी, आमच्या बँकेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर हिरवी टेकडी दिसायची, आठवतेय? तो खरा फोटो आहे, कॅलिफोर्नियातला. टेकडी मोकळी दिसते कारण मुळांच्या किडीनं तिथली द्राक्षबाग गेली. खुंट टिकलं नाही म्हणे. आपल्याकडं डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात ते अशा किडीसाठी की पाण्यासाठी?" खाली तो फोटो. लिंक नको, मागितली तर द्या. आणि छाटणीच्या गडबडीत पाठवू नका, दुपारी जेवून टेकायची वेळ बघा.

या निरोपात काय आहे बघा. तुमचे स्वतःचे शब्द आहेत, त्यामुळं वर फॉरवर्डची खूण येत नाही. तो त्यांच्यासाठीच लिहिलाय हे पहिल्या शब्दापासून कळतं. आणि शेवटी असा प्रश्न आहे ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा त्यांना जास्त चांगलं येतं. खारवट पाणी, दुष्काळ, मुळांचा जोर यावर ते तुम्हाला दहा मिनिटं ऐकवतील. त्या दहा मिनिटांत तुमची टेकडी त्यांचीही होऊन जाईल. जाऊबाई शेजारी बसून ते ऐकतील ही शक्यताही आहेच, पण त्यासाठी म्हणून करू नका.

सासऱ्यांकडं साधा फोन आहे, म्हणून तुम्ही त्यांना सोडून दिलंत. मला तर तुमच्या घरातला सर्वांत हक्काचा ऐकणारा तोच वाटतो. नोकियाच्या फोनवर मेसेज आला की एक ठरावीक आवाज यायचा: तीन छोटे, दोन लांब, पुन्हा तीन छोटे. मोर्सच्या लिपीत तीन टिंबं म्हणजे एस, दोन रेघा म्हणजे एम. एस एम एस. फोन "एसएमएस आला" असं तारेच्या भाषेत सांगत होता आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते कधी कळलं नाही. तुमच्या सासऱ्यांनी तार ऑफिसात उमेदीच्या काळात कट्ट-कडकट्ट शिकली असेल, तर त्यांना यात काही समजावून सांगावं लागणार नाही. संध्याकाळी चहा देताना टेबलावर बोटानं वाजवा आणि विचारा, "हे काय म्हणतंय?" देशातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. त्यांच्या हातातली ती विद्या त्यानंतर कुणी विचारली असेल का, याचा विचार करा.

आता भाच्याबद्दल. इथं मी तुमच्याशी थोडा वाद घालणार आहे. त्याच्या लांबलचक उत्तरानं तुमचा अपमान झाला असं तुम्हाला वाटलं. चारचौघांत चूक दाखवली गेली की लागतं, हे मान्य. पण चाळीस जणांत तुमचा निरोप पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा तोच एक निघाला. त्यानं त्यावर विचार केला, शोधलं, टाइप करत बसला. तुम्ही इतके दिवस जो वाचक शोधत होता तो हाच. त्यानं आधी तुम्हाला एकटीला लिहायला हवं होतं, हे त्याला जरूर सांगा. या वयात ते सुचत नाही, सांगितलं की कळतं.

आणि तुमची चूकही कुणाचीही व्हावी अशीच होती. शिगेताका कुरिता यांनी डोकोमो कंपनीसाठी 1999 मध्ये बनवलेल्या 176 इमोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं 2016 मध्ये आपल्या संग्रहात घेतल्या. त्यामुळं "पहिल्या इमोजी" म्हणून त्यांचंच नाव सगळीकडं झालं. पुढं लक्षात आलं की जे-फोन या दुसऱ्या जपानी कंपनीनं 1997 मध्येच 90 इमोजी असलेला फोन आणला होता. तो फारसा खपला नाही, म्हणून ती गोष्ट मागं पडली. नंतर तर 1980 च्या दशकातल्या शार्प कंपनीच्या डिजिटल डायऱ्यांमध्येही अशी चित्रं असल्याचं समोर आलं. म्हणजे भाच्यानं तुम्हाला 1997 सांगितलं असेल, तर त्याच्याही मागं जाता येतं. हे त्याला कळवा, पण परतफेड म्हणून नको. "तुझ्यामुळं मी आणखी शोधलं, तर हे मिळालं" असं लिहा. बघा, गोष्ट चुकली म्हणून संपली नाही, उलट वाढली. न खपलेल्या फोनमुळं इतिहासातलं एक पान गहाळ होतं, ही गोष्ट मला तुमच्या मूळ निरोपापेक्षा कितीतरी छान वाटते.

म्हणून इथून पुढं एक सवय लावून घ्या, आणि ही सवय तुमच्यासारख्या सगळ्याच हौशी वाचकांना सांगतेय. "जगातलं पहिलं", "सगळ्यात मोठं", "नासानं सांगितलं", "युनेस्कोनं जाहीर केलं" असे शब्द दिसले की हात आखडता घ्या. दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत म्हणून जो रंगीबेरंगी फोटो दरवर्षी फिरतो, तो दिवाळीचा नाहीच. अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकावर एक ठेवून, कुठल्या काळात कुठं नवे दिवे लागले ते दाखवायला वेगवेगळे रंग दिलेले आहेत. नासानं 2012 मध्येच हे स्पष्ट केलं होतं, तरी तो फोटो दर दिवाळीला येतोच. खरं म्हणजे एका देशात वस्ती आणि वीज कशी पसरत गेली ते त्या एका चित्रात दिसतं. ही खरी गोष्ट सांगायला काय हरकत आहे? इमोजीचं साल चुकलं तर कुणाचं नुकसान होत नाही. पण न तपासता पुढं ढकलायची सवय एकदा बोटांना लागली की तिला हा फरक कळत नाही.

फोटो कुणी काढला, गोष्ट कुठं वाचली, हेही एका ओळीत लिहीत जा. ओरिअर यांचं नाव घेतल्याशिवाय टेकडी पाठवू नका.

हसवणाऱ्या व्हिडिओंबद्दल एवढंच, की त्यात हसू कुणाचं होतंय ते बघा. मांजर, रोबो, जाहिरात यांच्यावर खुशाल हसावं. पण पडणारी बाई, चुकीचं इंग्रजी बोलणारा पोरगा, नाचताना गडबडलेले आजोबा, यांनी तो व्हिडिओ जगासाठी काढलेला नसतो. कॅनडातल्या एका शाळकरी मुलानं 2002 मध्ये एकट्यानंच काठी फिरवत लुटुपुटीची लढाई केली होती. ती टेप 2003 मध्ये शाळेतल्या मुलांनी इंटरनेटवर टाकली. जग हसलं आणि त्या मुलाला शाळा सोडावी लागली. असलं काही हाती आलं तर ते आपल्यापाशीच थांबू दे.

मुलाचं म्हणणं मला वेगळं ऐकू येतं. "सगळ्यांनी कधीच बघितलंय" यातले सगळे म्हणजे त्याच्या वर्गातले. तुमच्या नणंदेनं, आत्तेसासूबाईंनी ते बघितलेलं नाही. पण त्या ग्रुपवर त्याची चुलत-आते भावंडंही आहेत आणि आईला कुणी उत्तर दिलं नाही की त्याला अवघडल्यासारखं होत असणार. त्यावर वाद नको. एखाद्या रात्री त्याला म्हणा, तू आज काय बघितलंस ते मला दाखव. तो दाखवेल ते तुम्हाला कदाचित अजिबात कळणार नाही. एका खेळातला कुठला तरी आवाज, त्यावर केलेली नक्कल, त्या नकलेची नक्कल. विचारा, हे मुळात कुठून आलं? तुम्हाला मुळाशी जायची आवड आहेच, आणि त्याला हे सांगता येतं. फक्त त्यानं दाखवलेलं ग्रुपवर टाकू नका, त्याला न विचारता तर नाहीच.

ग्रुपवर पुन्हा टाकायचं की नाही? टाका, पण कधीतरी, आणि चाळीस जणांना एकत्र बांधणारं काही असेल तेव्हा. सगळ्यांच्या घरी असलेला जुना टीव्ही, सगळ्यांनी पाहिलेली जाहिरात, सगळ्यांनी हाताळलेला फोन. चार-पाच ओळी, तुमच्या मराठीत, लिंकशिवाय. बाकी दोन-तीन खास आवडीच्या माणसांचा वेगळा लहानसा ग्रुप करा, भाच्याला त्यात घ्या, आणि कुणी काही चूक दाखवली तर ती तिथंच दुरुस्त करा. सापडलेलं सगळं पाठवायलाच हवं असंही नाही. एक वही करा. आज वाचलेलं त्यात तारखेसह उतरवा आणि समोर "कुणासाठी" असा रकाना ठेवा. रकाना रिकामा राहिला तर राहू दे. सहा महिन्यांनी एखादी बदलून आलेली सहकारी निघेल जिच्यासाठी ते होतं.

राहता राहिले मिस्टर. त्यांना काहीही पाठवू नका. पुढच्या कसोटीत पायचीतच्या अपिलावर पंचांचा निर्णय तपासायला तिसऱ्या पंचाकडं गेला की शेजारी बसा आणि विचारा, चेंडू पुढं कुठं गेला असता हे या यंत्राला कसं कळतं, आणि आपल्या संघाचा त्याला एवढी वर्षं विरोध का होता? ही पद्धत पहिल्यांदा वापरून पाहिली गेली ती 2008 मध्ये श्रीलंकेत, भारताच्याच मालिकेत. ते बहुधा त्यांना माहीत असेल. ते सांगू लागले की पूर्ण ऐकून घ्या. मध्येच मोबाईल काढून त्यांचं बरोबर आहे की चूक ते शोधायला जाऊ नका. ते दुसऱ्या दिवशी बँकेतून आल्यावर करता येईल.